उतारावर येणारा गोळा

वाचकांचे प्रश्न : व्यायाम आणि शरीर

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून साताऱ्यात राहतो आणि गेली चार वर्षे नियमित धावतो. यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेने परतणाऱ्या अर्धमॅरेथॉनमध्ये सलग दोन वर्षे परतीच्या उतारावर, साधारण सतराव्या किलोमीटरला, माझ्या उजव्या पोटरीत असा गोळा आला की रस्त्याच्या कडेला बसकणच मारावी लागली. सरावात मात्र असे कधीच होत नाही. दुसऱ्या वर्षी मी आठवडाभर आधीपासून रोज दोन केळी खाल्ली, मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतल्या आणि शर्यतीत पाण्याचा एकही थांबा चुकवला नाही. तरी गोळा आलाच. माझ्या शरीरात नेमके काय कमी पडते आहे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य आपण ओघात लिहून गेला आहात : सरावात असे कधीच होत नाही. शरीरात एखादा क्षार कायमचाच कमी असता, तर त्याने सराव आणि शर्यत असा भेद केला नसता. म्हणून काय कमी पडले हे शोधण्याआधी शर्यतीच्या दिवशी काय जास्त झाले, हे पाहू या. छातीवर क्रमांक लागलेला असतो, दुतर्फा लोक टाळ्या वाजवत असतात, शेजारचा धावपटू पुढे जाताना दिसतो, आणि एरवी ज्या वेगाने आपण घाट चढतो त्यापेक्षा किलोमीटरमागे अर्धा मिनीट लवकर आपण तो चढून जातो. चढावर प्रत्येक पावलाला अंगाचा भार वर ढकलण्याचे काम पोटरीचे असते. त्यामुळे माथ्यावर पोहोचेपर्यंत दम टिकलेला असला, तरी पोटरीचे भांडवल बरेचसे संपलेले असते. उतार सुरू झाला की आपल्याला हलके वाटते आणि आपण वेग आणखी वाढवतो, पण उतारावर मांडीच्या आणि पोटरीच्या स्नायूंना ताणले जात असतानाच भार पेलून ब्रेक लावावा लागतो. स्नायूच्या तंतूंची झीज सर्वाधिक होते ती अशाच कामात.

आता पेटका म्हणजे काय ते पाहू. आपल्याकडे कोणी गोळा म्हणतात, कोणी वांब म्हणतात, पण प्रकार एकच असतो : स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आकसतो आणि सुटायचे नाव घेत नाही. मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी स्नायूला आकसण्याचा हुकूम देतात, त्यांच्याकडे स्नायूकडून दोन प्रकारचे निरोप सतत येत असतात. स्नायूच्या आतील संवेदक आकुंचनाला उत्तेजन देणारे निरोप पाठवतात, तर स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो त्या कंडरेतील संवेदक ‘ताण फार झाला, आता सैल सोड’ असे कळवतात. स्नायू थकला की पहिल्या निरोपांचा जोर वाढतो आणि दुसऱ्यांचा कमी होतो. त्यातच स्नायू आखडलेल्या स्थितीत काम करत असेल, तर कंडरेवर ताणच पडत नाही आणि सैल सोडण्याचा निरोप आणखी क्षीण होतो. दक्षिण आफ्रिकेतील क्रीडावैद्यक मार्टिन श्वेलनस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ही उपपत्ती मांडली. पुढे ५६ किलोमीटरच्या धावण्याच्या शर्यतीतील आणि आयर्नमॅन ट्रायथलॉनमधील (पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग लांब शर्यतीतील) खेळाडूंची तपासणी झाली, तेव्हा पेटके आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या शरीरातील पाण्यात व क्षारांत वैद्यकीयदृष्ट्या महत्त्वाचा असा फरक सापडला नाही. ज्यांना पूर्वी पेटके आले होते आणि जे वेगाने शर्यत पळाले होते, त्यांना मात्र पेटके येण्याचा धोका अधिक असल्याचे दिसले.

मग पाणी आणि मिठाची समजूत आली कोठून? ती निराधार नव्हती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत, जहाजांच्या भट्टीघरांत आणि १९३० च्या दशकात अमेरिकेतील हूवर धरणाच्या बांधकामावर भयानक उष्म्यात राबणाऱ्या मजुरांना जबर पेटके येत असत. ते लिटरच्या लिटर घाम गाळून नुसते पाणी पीत, आणि मीठ दिल्यावर त्यांतील अनेकांना आराम पडे. त्या मजुरांच्या बाबतीत हे निदान बरोबरच होते. पण पुढे ते जसेच्या तसे प्रत्येक धावपटूच्या पोटरीला लावले गेले, आणि तिथे मात्र गडबड झाली. आपली शर्यत ऐन पावसाळ्यात, धुके आणि भुरभुर पावसात होते. तिथे तासा-दीड तासात खाणकामगारासारखी अवस्था व्हावी इतका घाम जात नाही. शिवाय घामावाटे जाणारे क्षार सगळ्या शरीरातून कमी होतात, मग गोळा नेमका कष्टलेल्या पोटरीतच का यावा? आणि पायाचा चवडा नडगीकडे ओढून धरला की तो मिनीटभरात का सुटावा? चवडा ओढल्याने शरीरात ना पाणी जाते ना मीठ. कंडरेवर ताण पडतो आणि सैल सोडण्याचा निरोप पुन्हा सुरू होतो, एवढेच.

क्रिकेटप्रेमींना ७ नोव्हेंबर २०२३ ची वानखेडेवरची रात्र आठवत असेल. अफगाणिस्तानच्या २९१ धावांचा पाठलाग करताना ऑस्ट्रेलियाची अवस्था ७ बाद ९१ झाली होती, आणि आधी मुंबईच्या उकाड्यात क्षेत्ररक्षण करून आलेल्या ग्लेन मॅक्सवेलला पेटक्यांनी अक्षरशः जमिनीवर आडवे पाडले होते. पुढे तो धावायचाच जवळपास थांबला. पाय न हलवता, जागच्या जागी उभा राहून, केवळ हात आणि मनगटे यांच्या जोरावर त्याने १२८ चेंडूंत नाबाद २०१ धावा केल्या आणि पॅट कमिन्सने ६८ चेंडूंत १२ धावा काढून दुसरी बाजू धरून ठेवली. उष्म्याचा आणि घामाचा वाटा त्यात नक्कीच असणार. तरी जे स्नायू थकून गेले होते त्यांच्याकडून काम घेणे बंद केल्यावरच त्याला उभे राहता आले, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

मिठाला मी पूर्णपणे निर्दोष ठरवत नाही. काहींच्या घामात मीठ बरेच असते. धावून आल्यावर ज्यांच्या टोपीवर आणि काळ्या बनियनवर पांढऱ्या रेघा उमटतात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. घामाच्या एका लिटरमध्ये सोडियम साधारण अर्ध्या ग्रॅमपासून पावणेदोन ग्रॅमपर्यंत असू शकते. मध्यम, म्हणजे १ ग्रॅमचा हिशेब धरला, तर तासाला १ लिटर घाम गाळणारा माणूस अडीच तासांत अडीच ग्रॅम सोडियम घालवतो, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम, चमचाभर मीठ. उन्हाळ्यात तीन-चार तास पळणाऱ्याला हे भरून काढावे लागते. ऑस्ट्रेलियातील एडिथ कोवन विद्यापीठात १० पुरुषांना उष्म्यात उतारावर पळवून नंतर एकदा साधे पाणी आणि एकदा ओआरएससारखे द्रावण पाजण्यात आले. साध्या पाण्यानंतर त्यांच्या पोटरीत पेटका आणणे सोपे झाले, द्रावणानंतर अवघड झाले. प्रयोग लहान आहे, पण घाम गाळून नुसते पाणी ढोसू नये, इतका बोध त्यातून घेता येतो.

प्रत्येक थांब्यावर पाणी पिण्याच्या आपल्या शिस्तीबद्दल म्हणूनच थोडे सावध करतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा १३ टक्के जणांच्या रक्तातील सोडियम धोक्याच्या पातळीकडे घसरलेले आढळले, आणि शर्यतीत ज्यांचे वजन वाढले होते त्यांच्यात हे प्रमाण विशेष होते. अतिपाण्याने येणारी ही अवस्था पेटक्यापेक्षा कितीतरी गंभीर असते. तिच्यात भ्रम, झटके आणि मृत्यूही येऊ शकतो. आपल्याला किती पाणी लागते हे ठरवायला घरचा वजनकाटा पुरेसा आहे. तासभर धावण्याआधी आणि धावून आल्यावर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो घटले तर साधारण एक लिटर घाम गेला. मधे काही प्यायले असल्यास तेही त्यात मिळवावे. पळून आल्यावर वजन वाढलेले दिसले, तर आपण गरजेपेक्षा जास्त प्यायलो, हे उघड आहे.

केळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. घामावाटे पोटॅशियम फारच थोडे जाते, आणि खाल्लेल्या केळ्यातील पोटॅशियम रक्तात उतरायला अर्धा ते एक तास लागतो. केळे जरूर खावे, पण ऊर्जेसाठी. पोट रिकामे असले की स्नायू लवकर थकतो, या अर्थाने त्याचा उपयोग खराच आहे. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचे पैसे वाचवावेत. व्यायामातील पेटक्यांवर त्या उपयोगी पडतात, असे दाखवणारा चांगला पुरावा नाही, आणि पोट बिघडवण्याचे काम मात्र त्या चोख करतात.

पुढच्या शर्यतीसाठी सराव बदलावा, असे मी सुचवीन. सध्या आपण लांब पल्ला निवांत वेगाने पळत असणार. तीन आठवड्यांतून दोनदा त्या पल्ल्याचे शेवटचे चार-पाच किलोमीटर शर्यतीच्या वेगाने, तेही थकलेल्या पायांनी, पळावेत. घाटातच राहत असूनही बरेच जण चढाचाच सराव करतात आणि खाली येताना चालत किंवा गाडीने येतात. उतारही मुद्दाम पळावा, सुरुवातीला थोडा, मग वाढवत. आठवड्यातून दोन वेळा पायरीच्या कडेवर फक्त चवडे टेकवून उभे राहावे, टाच पायरीच्या पातळीखाली जाईपर्यंत सावकाश उतरवावी आणि मग पूर्ण वर उचलावी. पंधरा-पंधराचे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून आणि तितकेच गुडघा किंचित वाकवून करावेत. दोन्ही पायांनी सहज जमू लागले की एका पायावर करावे. पोटरी जितकी लांब ताणलेल्या स्थितीत बळकट होईल, तितकी ती उतारावर उशिरा थकेल. शर्यतीच्या आधीच्या पाच-सहा दिवसांत पाय दुखतील असा कोणताही सराव करू नये, कारण आधीच झीज झालेल्या स्नायूला गोळा लवकर येतो. आणि शर्यतीच्या दिवशी पहिल्या पाच किलोमीटरांत लोक पुढे जात असतील तर जाऊ द्यावेत. त्यांतले कितीतरी जण परतीच्या वाटेवर कठड्याला टेकून, दुसऱ्याकडून चवडा ओढून घेताना दिसतात. मी त्या रस्त्यावर उभा राहून हे पाहिले आहे. गोळा सुटल्यावरही कातडीखाली उंदीर धावावा तशी पोटरी थरथरत असते. ती थरथर थांबेपर्यंत स्नायू ताणलेलाच ठेवावा, मग थोडे चालावे आणि त्यानंतरच धावावे. जोरजोरात रगडणे टाळावे.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे धावणारे लोक पेटका आला की लोणच्याचे पाणी पितात आणि लगेच बरे वाटते म्हणतात. आपल्या लोणच्याने हे होईल का? (एक वाचक, एडिसन)

उत्तर : तिथले लोणचे म्हणजे व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात मुरवलेली काकडी, हे आधी लक्षात घ्यावे. अमेरिकेत २०१० मध्ये झालेल्या एका प्रयोगात पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेच्या सौम्य झटक्यांनी पेटका आणला गेला, आणि हे पाणी थोडेसे प्यायल्यावर तो साध्या पाण्याच्या तुलनेत लवकर, सरासरी दीड मिनिटाच्या आतच, सुटला. गंमत अशी की इतक्या वेळात ते मीठ पोटातून रक्तात पोहोचूही शकत नाही. म्हणून तोंडातल्या आणि घशातल्या तिखट-आंबट जाणणाऱ्या चेतातंतूंना जोराचा धक्का बसतो आणि त्यामुळे मज्जारज्जूतील चाळवलेल्या चेतापेशी शांत होतात, असा तर्क केला जातो. रसायनशास्त्राचे २००३ चे नोबेल मिळवणारे रॉडरिक मॅकिनन यांना समुद्रात कायाक वल्हवताना पेटके आले, तेव्हा त्यांनीही याच दिशेने विचार केला आणि आले, दालचिनी, मिरची अशा झणझणीत पदार्थांवर काम केले. धावताना याचा उपयोग सर्वांना होतोच असे नाही, आणि यामुळे पेटका येण्याचे थांबत नाही. आलेला लवकर सुटू शकतो, एवढेच. आपल्या कैरीच्या लोणच्यात तेल इतके असते की धावता धावता ते घेतल्यास पेटक्याआधी मळमळीचा विचार करावा लागेल. लिंबाच्या बिनतेलाच्या लोणच्याचा खार चमचाभर घेऊन पाहायला हरकत नाही. रक्तदाब असणाऱ्यांनी त्याची सवय लावू नये.

प्रश्न : माझे वय ६२ आहे. डॉक्टरांनी सांगितल्यावरून तीन महिन्यांपूर्वी पोहायला सुरुवात केली. वीस मिनिटांनी तळपायात आणि बोटांत वांब येतात, कधी कधी रात्री झोपेतही पोटरी धरते. रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू आहेत. पोहणे बंद करावे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : बंद करू नये. पोहताना पाऊल मागे ताणून बोटे टोकदार धरली जातात, म्हणजे पोटरी आणि तळपाय सतत आखडलेल्या स्थितीत राहून काम करतात, आणि वर सांगितल्याप्रमाणे पेटक्याला नेमकी तीच स्थिती मानवते. नवशिक्यांची पावले भीतीने अधिकच ताठ असतात. पाय मारताना घोटा सैल ठेवावा, दर दोन फेऱ्यांनंतर कठड्याशी उभे राहून टाचा तळाला टेकवाव्यात. खोल पाण्यात वांब आला तर घाबरून हातपाय झाडू नयेत. पाठीवर तरंगावे, गुडघा सरळ करून बोटे हाताने आपल्याकडे ओढावीत आणि हाक मारावी. एकट्याने खोल पाण्यात जाऊ नये.

गोळ्यांबद्दल मात्र आपल्या डॉक्टरांशी बोलावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी आणि क्षार बाहेर टाकतात, आणि कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गटातील औषधांनी काहींचे स्नायू दुखतात. रक्तातील सोडियम, पोटॅशियम, साखर आणि थायरॉइड एकदा तपासून घ्यावे. गोळ्या मनाने थांबवू नयेत. रात्रीच्या वांबांसाठी मॅग्नेशियमबाबत कॉक्रेन संस्थेने २०२० मध्ये सर्व चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा वयस्कांना त्याचा ठळक उपयोग होण्याची शक्यता कमीच असल्याचे आढळले. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून दोन्ही पोटऱ्या दोन-दोन मिनिटे ताणाव्यात. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली आणि दुखणे हटेनासे झाले, तर मात्र तो पेटका समजून घरी थांबू नये. शिरेत रक्ताची गुठळी झाली असण्याची शक्यता असते आणि त्याच दिवशी तपासणी लागते.

प्रश्न : माझी पंधरा वर्षांची मुलगी शाळेच्या कबड्डी संघात आहे. सिकलसेलच्या तपासणीत ती ‘वाहक’ असल्याचे कळले आहे. सरावात सलग धावण्याचे फेरे दिले की तिचे पाय दुखून गळून जातात. प्रशिक्षक हे पेटके आहेत, मीठ-पाणी दे आणि फेरे पुरे करू दे, असे म्हणतात. (एक पालक, गडचिरोली)

उत्तर : आपले पत्र सर्वांत शेवटी घेतले, पण ते सर्वांत निकडीचे आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : पाय गळल्यावर तिला फेरे पुरे करायला लावू नयेत. सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आहे, आणि त्याचे जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आलेला, म्हणजे वाहक, एरवी पूर्णपणे निरोगी असतो, त्याला खेळता येते आणि त्याने खेळावे. परंतु विश्रांती न देता पूर्ण जोराने सलग धावायला लावले, विशेषतः उन्हात आणि सराव नुकताच सुरू झालेला असताना, तर रक्तातील ऑक्सिजन घटून तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात आणि स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो. अशा प्रसंगी जगभरात तरुण खेळाडूंचे मृत्यू झाले आहेत. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने २०१० पासून आपल्या पहिल्या श्रेणीच्या खेळाडूंसाठी ही तपासणी लागू केली, ती याच कारणाने.

मैदानावर फरक ओळखायची खूण आहे. पेटका आलेला खेळाडू ओरडतो, पाय धरून बसतो, आणि स्नायूला हात लावला तर तो दगडासारखा टणक लागतो. दुसऱ्या प्रकारात स्नायू दिसायला आणि हाताला नेहमीसारखाच मऊ असतो, पण त्यात जोर उरत नाही; मुलगी ओरडत नाही, पाय साथ देईनात म्हणून हळूहळू खाली बसते. हे अनेकदा सरावाच्या पहिल्या काही मिनिटांतच घडते. असे दिसले की खेळ ताबडतोब थांबवावा, सावलीत न्यावे, अंग गार करावे, पाणी द्यावे, आणि दोन-चार मिनिटांत बरे वाटले नाही तर ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात हलवावे. नंतरच्या एक-दोन दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली, तर स्नायू विरघळून त्यातील द्रव्य मूत्रपिंडात उतरत आहे असे समजावे. ही खूण वाहक नसलेल्यांनाही लागू आहे. व्यायामशाळेत पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारणाऱ्या मुलांनी ती ध्यानात ठेवावी.

प्रशिक्षकांना सांगायच्या गोष्टी मोजक्या आहेत. तिचा सराव हंगामाच्या सुरुवातीला हळूहळू वाढवावा. दोन फेऱ्यांमध्ये श्वास पूर्ववत होईपर्यंत थांबू द्यावे आणि वेळ लावून धावण्याच्या परीक्षेतून तिला वगळावे. ताप, जुलाब किंवा कडक ऊन असेल त्या दिवशी जोराचा सराव नको. ती ‘पाय गळाले’ म्हणाली की तिच्यावर विश्वास ठेवावा. तो आळस नसतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात तपासणी झालेल्यांना रंगीत पत्रिका दिली जाते. तिच्या पत्रिकेची एक प्रत खेळाच्या पिशवीत आणि एक शाळेत ठेवावी, आणि संघ बाहेरगावी जाईल तेव्हा सोबतच्या शिक्षकांना ती आधी दाखवावी.